किती तास, ते नंतर बघू

ताई,
मी बार्शीची. बारावी कला शाखा, मराठी माध्यम. मला पाच वर्षांच्या एलएलबीला जायचंय, त्यासाठी राज्याची लॉ सीईटी देणार आहे. फेब्रुवारीत बोर्ड आणि त्यानंतर सीईटी. आमचं किराणा दुकान आहे. संध्याकाळी सहा ते साडेआठ मी गल्ल्यावर असते, कारण तेव्हा पप्पा माल आणायला आणि उधारी वसूल करायला जातात. दिवाळीपासून दोन-तीनदा टाइमटेबल केलं. पहाटे चारला उठायचं, रोज बारा तास अभ्यास. एकदाही आठवडाभर टिकलं नाही. रीझनिंगच्या गाईडची दीडशे पानं सोडवली, तरी सराव पेपरात 120 पैकी 50 च्या आसपासच अडकते. इंग्रजीची तर भीतीच वाटते. मावसभाऊ म्हणतो, पुण्यात क्लास लाव. फी ऐकून पप्पा गप्प झाले. रोज किती तास केला तर होईल? आणि आधी काय करू, बोर्ड की सीईटी?
गल्ल्यावरची

प्रिय गल्ल्यावरची,

तुझ्या पत्रात आकडे भरपूर आहेत. चारची पहाट, बारा तास, दीडशे पानं. फक्त एकच आकडा नाही आणि मला नेमका तोच हवा होता: ते 50 मार्क कुठून आले? कायद्याच्या भागात किती, इंग्रजीत किती, चालू घडामोडींत किती? तू ते मोजलंच नाहीस असं दिसतंय. न मोजताच सगळा जोर रीझनिंगच्या गाईडवर लावलास. दुकानात माल भरायच्या आधी पप्पा काय संपलंय ते बघतात ना? साखरेची पोती पडून असताना आणखी साखर आणत नाहीत. अभ्यासाचं टाइमटेबल लावतानाही आधी तेवढंच करायचं असतं.

म्हणून किती तास हा प्रश्न बाजूला ठेवून पेपर बघू. पाच वर्षांच्या लॉ सीईटीला 120 प्रश्न, 120 मिनिटं, प्रत्येकी एक मार्क. कायद्याचा कल आणि कायदेशीर तर्क यावर 32 प्रश्न, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडींवर 24, रीझनिंगवर 32, इंग्रजीवर 24 आणि गणितावर फक्त 8. यंदाची माहितीपुस्तिका आली की हे आकडे तिच्याशी ताडून घे. दरवर्षी थोडंफार इकडचं तिकडे होऊ शकतं.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. हे तुला माहीत असेलच, पण पेपर सोडवताना तू ते वापरतेस का? जे मूल 50 वर अडकतं, त्याच्या पेपरात पंचवीस-तीस प्रश्न कोरे असतात असा माझा अनुभव आहे. ‘येत नव्हतं म्हणून सोडलं’ हा शाळेतला प्रामाणिकपणा इथे तोट्याचा. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला तरी सरासरी चारातला एखादा बरोबर येतो, आणि दोन पर्याय चुकीचे आहेत हे ओळखता आलं तर निम्मी शक्यता आपल्या बाजूने. त्यामुळे शेवटची सात-आठ मिनिटं कोऱ्या प्रश्नांची उत्तरं निवडायला राखून ठेवायची. ही एक सवय लागली तर एक पानही न वाचता पाच-सात मार्क वाढतात.

आता तुझ्या 50 ची फोड करू. तू दिली नाहीस, म्हणून मीच एक अंदाज बांधते: कायदा 16, सामान्य ज्ञान 7, रीझनिंग 15, इंग्रजी 8, गणित 4. खरे आकडे वेगळे निघतील, पण विचार कसा करायचा ते बघ. रीझनिंगमध्ये 15 चे 22 करायला महिनोन्‌महिने लागतात. ते कौशल्य हळूहळूच मुरतं आणि दीडशे पानं एका दमात सोडवल्याने लवकर मुरत नाही. कायद्याच्या भागात मात्र 16 चे 24 दीड-दोन महिन्यांत होऊ शकतात, कारण तिथला अभ्यास मर्यादित आहे आणि त्यातला बराचसा तू शाळेत एकदा वाचलेला आहेस. इंग्रजीत 8 चे 14 होतील, पण त्यासाठी रोज थोडं थोडं करावं लागेल. रविवारी सहा तास बसून इंग्रजी सुधारत नाही. गणिताच्या आठ प्रश्नांवर जीव टाकू नकोस. शेकडेवारी, नफा-तोटा, सरासरी, गुणोत्तर, सगळं दहावीच्या आतलं. अडीचशे ग्रॅम शेंगदाण्याचा हिशोब तू गिऱ्हाईक उभं असताना तोंडी करतेस, तेव्हा आठातले सहा तुझेच समज.

म्हणजे तुझ्यासाठी क्रम असा लागतो: कायदा आणि इंग्रजी आधी, सामान्य ज्ञान रोज थोडं, रीझनिंग ठरावीक वेळ पण न चुकता. तू नेमकं उलट चालली होतीस.

बोर्ड की सीईटी, याचं उत्तर नियमातच आहे. पाच वर्षांच्या एलएलबीची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. बारावीला खुल्या वर्गासाठी 45 टक्के, ओबीसी आणि तत्सम वर्गांसाठी 42 आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 40 टक्के लागतात, ते पात्रतेसाठी. म्हणून कुणी म्हणेल, बोर्ड कसंतरी उरक आणि सीईटीला लाग. मला हा सल्ला पटत नाही. सीईटीत मनासारखं झालं नाही तर बीएला किंवा दुसरीकडे जाताना बारावीचेच मार्क पुढे येणार आहेत. शिवाय तुझ्या बाबतीत बोर्डाचा अभ्यास आणि सीईटीचा अभ्यास एकमेकांचे वैरी नाहीतच. बारावीच्या इंग्रजी युवकभारतीतले उतारे आणि व्याकरण सीईटीच्या 24 मार्कांनाही कामी येतं. कला शाखेच्या मुलीला राज्यशास्त्र असेल, तर अकरावीच्या पुस्तकातलं ‘न्यायमंडळाची भूमिका’ हे प्रकरण पुन्हा काढ. विज्ञान शाखेतून लॉला येणाऱ्या मुलांना हे पहिल्यापासून शिकावं लागतं.

तर बोर्ड संपेपर्यंत सीईटीला रोज दीड तास. जास्त नाही. बाकी सगळा वेळ बोर्डाचा. आणि एक रविवार सोडून एका रविवारी पूर्ण सराव पेपर. बोर्डाची लेखी परीक्षा सुरू व्हायला तीन आठवडे राहिले, की सराव पेपर बंद.

तो दीड तास कुठे बसवायचा? कॉलेज सकाळचं की दुपारचं हे तू लिहिलं नाहीस, त्यामुळे घड्याळ तुझं तू लाव. पण वेळेचे प्रकार ओळख. डोकं ताजं असतानाचा एक तास अखंड हवा: कुणी हाक मारणार नाही, फोन दुसऱ्या खोलीत. त्यात एक दिवस कायदा, एक दिवस रीझनिंग, असं आलटून पालटून, आणि शेवटची वीस मिनिटं रोज इंग्रजी. गल्ल्यावरचा वेळ वेगळा. तिथे बैठकव्यवस्थेचं कोडं घेऊन बसू नकोस. सहा जण गोल टेबलाभोवती बसवून होतात न होतात तोच कुणीतरी पाच रुपयांचं शाम्पूचं पाऊच मागतं आणि सहाही जण उठून जातात. गल्ल्यावर उजळणी कर. छोटे कागद कापून एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर: अनुच्छेद 14 काय, 19 काय, 21 काय, 32 आणि 226 मध्ये फरक काय, मूलभूत कर्तव्यं कुठल्या दुरुस्तीने आली. एक गिऱ्हाईक गेलं की एक कागद. अडीच तासांत खरा अभ्यास अर्ध्या तासाचाच होईल, पण हा अर्धा तास तुला फुकट मिळतोय.

आणि पहाटे चार विसर. रात्री साडेआठला दुकानातून सुटून, जेवून, वाचून अकराला झोपणारी मुलगी चारला उठून जे करते त्याला अभ्यास म्हणत नाहीत. तू सात तास झोप. टाइमटेबल टिकलं नाही यात तुझ्या जिद्दीची काही कमी नव्हती. ते टाइमटेबलच दुकान नसलेल्या, न दमणाऱ्या कुणा दुसऱ्या मुलीसाठी केलेलं होतं.

कायद्याच्या 32 प्रश्नांवर जरा सविस्तर बोलू, कारण तुझे मार्क तिथे आहेत. यात दोन जातीचे प्रश्न येतात. एक माहितीचे: राज्यघटना, न्यायालयं, महत्त्वाचे खटले, कायद्यातल्या मूळ कल्पना. त्यासाठी जाडजूड पुस्तक आणू नकोस. बालभारतीची सातवी आणि आठवीची नागरिकशास्त्राची पुस्तकं काढ. सातवीत संविधानाची ओळख, उद्देशिका, मूलभूत हक्क. आठवीत संसद, कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवून घेता येतात. सातवीचं पुस्तक बारावीला वाचायला लाज वाटते मुलांना. वाटू दे. त्या दोन पुस्तकांतलं पक्कं झालं की वर थोडे खटले चढव: केशवानंद भारती, 1973, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, घटनेची मूलभूत चौकट. मनेका गांधी, 1978, अनुच्छेद 21. विशाखा, 1997, कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ. असे पंधरा-वीस खटले पुरे.

इथे एक धोका सांगून ठेवते. सोलापुरात किंवा पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनं गाईड स्वस्तात मिळतं, पण कायद्याच्या भागासाठी ते घेऊ नकोस. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या 1872 च्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ असलेलं खुनाचं कलम 302 आता 103 झालंय आणि फसवणुकीचं 420 आता 318 मध्ये आहे. जुन्या गाईडवर पाठांतर केलंस तर मेहनत करून चुकशील. रीझनिंग आणि गणिताला मात्र दहा वर्षांपूर्वीचं पुस्तकही चालतं.

दुसरी जात तर्काच्या प्रश्नांची. एक तत्त्व दिलेलं असतं, एक प्रसंग, आणि ते तत्त्व लावून उत्तर द्यायचं. इथे हुशार मुलं चुकतात. कशी चुकतात ते बघ.

तत्त्व: दुसऱ्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, लबाडीने घ्यायच्या उद्देशाने हलवणं म्हणजे चोरी.

प्रसंग: मंगल कार्यालयाबाहेर घाईत रमेश आपल्यासारखीच दिसणारी सुरेशची चप्पल घालून निघतो. घरी गेल्यावर चप्पल दुसऱ्याची आहे हे त्याच्या लक्षात येतं. ‘आता कोण जातंय परत’ म्हणून तो ती ठेवून घेतो. रमेशने चोरी केली का?

पर्याय: एक, हो, कारण त्याने चप्पल ठेवून घेतली. दोन, हो, कारण चप्पल सुरेशची होती. तीन, नाही, कारण चप्पल हलवताना त्याचा उद्देश लबाडीचा नव्हता. चार, नाही, कारण सुरेशला रमेशची चप्पल मिळालीच.

दहातली सहा मुलं पहिला पर्याय निवडतील. कारण रमेशचं वागणं त्यांना खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण प्रश्न रमेश चांगला माणूस आहे का असा नाही. तत्त्व म्हणतं, उद्देश हलवताना असायला हवा. हलवली कार्यालयाबाहेर, तेव्हा त्याला ती आपलीच वाटत होती. लबाडी सुचली घरी. म्हणून दिलेल्या तत्त्वाप्रमाणे चोरी नाही, उत्तर तीन. ठेवून घेतल्याबद्दल कायद्यात वेगळा गुन्हा लागू शकतो, पण तो इथे विचारलेला नाही. (चौथा पर्याय पेपर काढणाऱ्याच्या चपला कधीतरी हरवल्या असाव्यात म्हणून येतो. त्याकडे बघायचंही नाही.)

असा प्रश्न सोडवताना तत्त्वातल्या अटी बोटांवर मोजायच्या: दुसऱ्याच्या ताब्यातली, जंगम, संमतीशिवाय, लबाडीचा उद्देश, हलवणं. पाच अटी, पाच बोटं. प्रसंगात एक जरी बोट मिटलं तरी उत्तर ‘नाही’. कायद्याच्या दिवशी असे दहा प्रश्न घे, वेळ लावू नकोस, फक्त प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चुकला हे तीन-चार शब्दांत लिही. पंधरा दिवसांनी वेळ लाव. इथे 32 पैकी 24 हे लक्ष्य मला अजिबात मोठं वाटत नाही.

पेपर मराठीतूनही असतो, इंग्रजीचा विभाग सोडून. तुला ते सोयीचं आहे, पण कायद्याची मराठी कधी कधी घाम फोडते. प्रतिफल, अपकृत्य, वादी, न्यायप्रविष्ट हे शब्द घरात कोण बोलतं? वहीच्या शेवटच्या पानांवर अशा शब्दांची मराठी-इंग्रजी जोडी लिहीत जा: अपकृत्य म्हणजे टॉर्ट, प्रतिफल म्हणजे कन्सिडरेशन. प्रवेश मिळाल्यावर बहुतेक कॉलेजांत तास इंग्रजीतूनच होतात, तेव्हाही ही पानं उपयोगी पडतील.

चालू घडामोडींसाठी लोक महिन्याची मासिकं आणून पाठ करतात. मला ती पद्धत कंटाळवाणी वाटते आणि लक्षातही काही राहत नाही. त्यापेक्षा रोज मराठी वर्तमानपत्रातली एकच बातमी निवड आणि तिला प्रश्न विचार. तुझ्याच जिल्ह्याची बातमी घे. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं. कुठले जिल्हे त्यात? कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. म्हणजे बार्शीच्या माणसाला आता उच्च न्यायालयासाठी मुंबईची वाट धरावी लागत नाही. उच्च न्यायालयाची आधीची खंडपीठं कुठली? नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा. दोन राज्यांना एकच उच्च न्यायालय कसं चालतं? अनुच्छेद 231. प्रत्येक राज्याला उच्च न्यायालय असं म्हणणारा अनुच्छेद? 214. मुंबई उच्च न्यायालय कधीचं? 1862 चं. बेंच सुरू झालं तेव्हा सरन्यायाधीश कोण? भूषण गवई, मूळचे अमरावतीचे, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांच्यानंतर सूर्य कांत. एका बातमीत सामान्य ज्ञानही झालं आणि कायद्याच्या 32 मधलंही झालं. वीस मिनिटं लागतात. गल्ल्यावरचे कागद यातूनच तयार होतील.

इंग्रजीची भीती घालवायला मी काही मंत्र देणार नाही. रोजची वीस मिनिटं: युवकभारतीतला किंवा सोप्या वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाच, पाच शब्द वहीत उतर, त्यातल्या दोन शब्दांची स्वतःची वाक्यं कर. काळ, शब्दयोगी अव्यय, कर्ता-क्रियापदाचा मेळ, आर्टिकल्स एवढ्या चार गोष्टींवर बरेचसे व्याकरणाचे प्रश्न बेतलेले असतात. संपादकीयं वाच असं सगळे सांगतात, पण तुझ्या आजच्या पातळीला ती जड जातील आणि चौथ्या दिवशी सोडून देशील. मार्चनंतर बघू.

बोर्ड संपल्यावर काय? गेल्या काही वर्षांत ही सीईटी एप्रिल-मेच्या सुमारास होत आली आहे, म्हणजे हाताशी पाच-सहा आठवडे किंवा थोडे जास्त मिळतात. नक्की तारीख राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरच बघ, व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डवर नको. या काळात पाच तास पुरे आणि त्यातले निम्मे सराव पेपरांचे. आठवड्याला दोन पेपर, शेवटच्या पंधरवड्यात आठवड्याला तीन. परीक्षा ज्या वेळी असेल त्याच वेळी, संगणकासमोर, मध्ये न उठता. बार्शीत घरी संगणक नसेल तर सायबर कॅफेत दोन तास बस. स्क्रीनवर वाचून उत्तर देणं आणि कागदावर वाचून देणं यांत फरक पडतो. तो परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा कळायला नको.

पेपर दोन तासांचा, पण त्याची चिरफाड तीन तासांची धर आणि ती दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने कर. हे मुलांना सगळ्यात जास्त जिवावर येतं, कारण नवा पेपर सोडवताना अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि जुना तपासताना आपल्या चुका दिसतात. प्रत्येक चुकलेल्या आणि नशिबाने बरोबर आलेल्या प्रश्नापुढे कारण लिही. माहितीच नव्हती? मग एक नवा कागद गल्ल्यासाठी. ‘नाही’ हा शब्द वाचायचा राहिला? तर पुढच्या पेपरात असा शब्द दिसला की त्यावर दोन सेकंद थांबायचं. पद्धत येत नव्हती? तो प्रकार गाईडमध्ये शोधून तेवढीच दहा उदाहरणं सोडवायची, सगळं प्रकरण नाही. येत होतं पण तिथवर पोचलेच नाही? हा दोष अभ्यासाचा नसतो, क्रमाचा असतो. तुझ्या दीडशे पानांतली निम्मी तुला आधीच येणारी असणार. चुकांची वही तुला उरलेली निम्मी दाखवेल.

क्रमासाठी सुरुवातीचा माझा हिशोब असा: सामान्य ज्ञान 11 मिनिटं, कारण तिथे येतं किंवा येत नाही, विचार करून काही आठवत नाही. मग कायदा 33, इंग्रजी 20, रीझनिंग 40, गणित 8. झाली 112. उरलेली आठ कोऱ्या प्रश्नांसाठी. दोन पेपर याप्रमाणे देऊन बघ आणि मग तुझ्या सोयीने बदल. रीझनिंग मुद्दाम उशिरा ठेवलंय, कारण एकाच कोड्यात सहा मिनिटं गुंतायची सवय तिथेच लागते.

आता क्लास. क्लासमुळे तीन गोष्टी मिळतात: ठरलेली वेळ, सराव पेपर आणि चूक दाखवणारं कुणीतरी. त्यासाठी पुण्यात खोली घेऊन राहायची गरज मला दिसत नाही, आणि बोर्डाच्या तोंडावर तर मुळीच नाही. सराव पेपरांची ऑनलाइन मालिका क्लासच्या फीच्या मानाने फारच कमी पैशांत मिळते. वेळ तू ठरवशील. चूक दाखवायला लॉ सीईटी देणारी दुसरी एखादी मुलगी बार्शीत नक्की असेल, तिच्याशी आठवड्यातून एकदा वह्या बदला. आणि मावसभाऊ सांगतोय तो क्लास कुठल्या परीक्षेचा आहे तेही विचार. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट डिसेंबरात होते, फक्त इंग्रजीत असते, लांबलचक उताऱ्यांवर बेतलेली असते आणि तिथे चुकीला पाव मार्क कापतात. त्या तयारीतलं थोडं तुला चालेल, पण प्रश्न सोडून द्यायची त्यांची सवय तुला नडेल.

पप्पा गप्प झाले, याचा अर्थ तू नकार असा लावलास की काय? मला तसं वाटत नाही. फीचा आकडा ऐकून बाप गप्प होतो तेव्हा बहुधा तो मनात बेरीज करत असतो. त्यांच्याजवळ क्लासऐवजी दुसरं काहीतरी माग: बोर्ड संपल्यापासून सीईटीपर्यंत आठवड्यातल्या दोन संध्याकाळी गल्ल्यावरून सुट्टी. सराव पेपराचे दोन दिवस. हे त्यांना देता येण्यासारखं आहे. आणि कॉलेजच्या फीचंही आत्ताच बोला. शासकीय आणि अनुदानित लॉ कॉलेजांची फी खासगी कॉलेजांपेक्षा बरीच कमी असते. शिवाय 2024-25 पासून 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात राज्याने पूर्ण सवलत दिली आहे. तू कुठल्या वर्गात बसतेस आणि तुला हवं ते कॉलेज यात येतं का, हे महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या.

त्यासाठी लागणारे दाखले मात्र आत्ताच काढायला टाका. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, लागू असेल तर नॉन क्रिमिलेअर आणि जात वैधता. जात पडताळणीला किती वेळ लागेल याचा भरवसा नसतो आणि निकालानंतर सगळा तालुका त्याच रांगेत उभा असतो. हे काम पप्पांवर सोपव, तुझा दिवस त्यात घालवू नकोस.

सीईटीचा अर्ज बहुधा बोर्डाच्या धामधुमीतच भरायचा असतो, त्यामुळे आठवड्यातून एकदा संकेतस्थळ उघडून बघायचा वार ठरव. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच्या तसं भर. ईमेल आणि मोबाइल नंबर तुझा किंवा पप्पांचा दे, सायबर कॅफेवाल्याचा नको, कारण पुढे प्रवेशफेरीचा ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो नेमका त्या दिवशी गावाला गेलेला असतो. परीक्षा केंद्र सोलापूर मिळालं आणि पेपर सकाळच्या सत्रात आला, तर पहिल्या एसटीवर विसंबू नका, आदल्या रात्री मुक्कामाला जा.